पासपोर्टवरचं 'लेट'

प्रश्न : मुलीकडे परदेशी जायचं म्हणून पासष्टाव्या वर्षी पहिला पासपोर्ट काढला आणि अक्षर न् अक्षर वाचला. राष्ट्रपतींच्या नावे केलेल्या विनंतीत 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' असे शब्द आहेत. 'लेट' म्हणजे करू देणे, असं शाळेत शिकलो. मग त्याचा इथे अर्थ काय लावायचा? जावई म्हणतात, 'लेट' म्हणजे उशीर. 'उशीर न करता जाऊ द्या' असं म्हणायचं असेल. छपाईची चूक तर नाही ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चूक नाही. तिथल्या 'लेट'चा अर्थ अडथळा. त्याच विनंतीचा हिंदी मजकूर पाहा, 'बिना रोक-टोक' असं स्वच्छ लिहिलेलं आहे. तुम्ही शाळेत शिकलात तो 'लेट' वेगळा. स्पेलिंग एक, उच्चार एक, आणि अर्थ थेट उलटे.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या दोघांची गल्लत झाली नसती. करू देणे, सोडणे यासाठी क्रियापद होतं 'लॅटन', पहिला स्वर लांबवलेला. अडवण्यासाठी होतं 'लेट्टन', त्यात 'ट' दुहेरी. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतरच्या काही शतकांत इंग्रजी शब्दांची शेवटची अक्षरं झिजली. 'अन' गळालं, दुहेरी व्यंजन एकेरी झालं, पुढे लांब स्वरही आखडला. दोन्हीकडे उरलं ते 'लेट'. आपल्या 'पाठ' शब्दाचं असंच आहे. दुखते ती पाठ 'पृष्ठ' या शब्दापासून झिजत आली, पुस्तकातला पाठ संस्कृतातून जसाच्या तसा आला. पण मराठीत ती पाठ आणि तो पाठ, त्यामुळे उलगडा होतो. इंग्रजीतल्या 'लेट'ला असा आधार उरला नाही.

तरीही शेकडो वर्षं लोकांचं अडलं नाही. शेक्सपिअरच्या हॅम्लेटला बापाचं भूत खुणावतं, मित्र त्याला धरून ठेवतात, तेव्हा तो बजावतो की मला जो 'लेट' करील त्याचंच भूत करीन. अडवील त्याचं, अर्थात. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये थेस्सलनीकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातल्या एकाच ओळीत हा शब्द दोनदा येतो आणि दोन्ही वेळा अर्थ रोखून धरणे असाच आहे. आजचा वाचक तिथे नेमका उलटा अर्थ घेईल. म्हणूनच 1881 च्या सुधारित नव्या करारात तो काढून 'रोखणे' या अर्थाचा सरळ शब्द घातला. मला वाटतं, सारखे दिसणारे दोन शब्द कोणतीही भाषा सहज सांभाळते. पण दोघे वाक्यात एकाच जागी बसू लागले आणि अर्थ उलटे असले, की एकाला जावं लागतं.

त्याच बायबलमध्ये 'क्लीव्ह'ची अशीच जोडी आहे. एकाचा अर्थ चिरणे, दुसऱ्याचा बिलगणे. दोघांचं भूतकाळी रूपही तिथे एकच येतं, 'क्लेव्ह'. अब्राहाम होमार्पणासाठी लाकडं फोडतो तेही 'क्लेव्ह', आणि रूथ सासूला सोडायला तयार होत नाही, तिला बिलगून राहते, तेही 'क्लेव्ह'. ही दोन क्रियापदं मुळात निराळीच होती.

अडवणारा 'लेट' बोलण्यातून गेला, कायद्याच्या भाषेत मात्र टिकला. तिथे एकाच अर्थाचे दोन शब्द जोडून म्हणायची जुनी सवय आहे, आपण 'कागदपत्र' किंवा 'बाजारहाट' म्हणतो तशी. 'हिंड्रन्स'च्या सोबतीने 'लेट' तगून राहिला आणि तुमच्या पासपोर्टपर्यंत पोचला. त्याचं दुसरं घर म्हणजे मैदान. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून योग्य चौकटीत पडला की 'लेट' पुकारतात. पुष्कळांना वाटतं की त्याचा अर्थ 'जाऊ द्या, पुन्हा टाका'. पण हाही अडथळ्याचाच 'लेट': चेंडूला जाळी आडवी आली. घरांवर 'टू लेट'च्या पाट्या दिसतात, तो मात्र तुमचा शाळेतला.

राहिले जावई. उशिराच्या 'लेट'चं स्पेलिंग निराळं आहे, म्हणून पासपोर्टवर तो अर्थ बसणार नाही. पण त्यांचा अंदाज अगदी जवळून गेला, हे त्यांना जरूर सांगा. जुन्या इंग्रजीत 'लॅट' म्हणजे मंद, संथ. त्याचाच आज उशिराचा 'लेट' झाला. आणि त्याच 'लॅट'वरून 'लेट्टन' बनलं: मंद करणे, म्हणजेच अडवणे. व्युत्पत्तिकार याच्याही मागे जातात आणि करू देणाऱ्या 'लेट'ला याच मुळाशी नेऊन जोडतात. मूळ अर्थ ढिलं सोडणे. दोर ढिला सोडला की जनावर मोकळं होतं, आणि चालणाराच ढिला पडला की मागे राहतो.