तीन महिन्यांसाठी घर मिळेल का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. जिल्हा निवांत पाहण्यासाठी पत्नीसह तीन महिने अहिल्यानगरला राहायचे आहे. लॉज परवडत नाही. घर अकरा महिन्यांसाठीच मिळते आणि त्याहून कमी मुदतीला करार लागत नाही, असे ऐकले. खरे आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : सर, निश्चिंत राहा. अकरा महिने ही रूढी आहे, कायद्याची अट नाही. तीन महिन्यांचाही करार होतो. मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते.

सावेडीसारख्या उपनगरात चौकशी करा. परीक्षा संपल्यावर विद्यार्थ्यांच्या खोल्या रिकाम्या होतात, तेव्हा भाड्यात घासाघीस करता येते. शिर्डीचे भक्तनिवास मात्र दर्शनाच्या मुक्कामापुरते; तिथे महिनोन्‌महिने राहण्याचा बेत आखू नका.

घर पाहिल्याशिवाय अनामत पाठवू नका. नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे शेजाऱ्यांना विचारा. पलंग, गादी, शेगडी, पंखे यांची यादी कराराला जोडा आणि पहिल्याच दिवशी वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढा. निघताना अनामतीवरून वाद होणार नाही.