ब्राउझर मूळपदावर आणल्यावर काय पाहावे?

वरवे बुद्रुक हे भोर तालुक्यातील गाव. पुणे-सातारा हमरस्ता गावाजवळून जातो. रस्त्यालगतच्या जमिनीला आता मोल आले आहे. मोल आले की कागदालाही मोल येते.

जमिनीचा कागद म्हणजे सातबारा. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे, क्षेत्र किती, बोजा कोणता, हे लिहिलेले असते. नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते. हे दोन्ही एका कागदावर येतात म्हणून त्याला ७/१२ म्हणायचे. पूर्वी तो आणायला तलाठ्याची गाठ घ्यावी लागे. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा ७/१२ घरबसल्या मिळू लागला. एका उताऱ्याला १५ रुपये पडतात. 'महाभूलेख' ह्या सरकारी संकेतस्थळावर तो फुकटही पाहता येतो. पण तो नुसता पाहण्यापुरता. कचेरीत डिजिटल सहीचाच लागतो.

हा उतारा आपल्या फोनवर दाखवतो कोण? ब्राउझर. त्याचीच आज ओळख करून घेऊ.

ब्राउझर म्हणजे काय?

इंटरनेटवरची पाने उघडून दाखवणारा कार्यक्रम म्हणजे ब्राउझर. १९९० साली टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज गृहस्थाने स्वित्झर्लंडमधील सर्न ह्या संस्थेत पहिला ब्राउझर तयार केला. आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. आज आपल्या फोनवर बहुधा क्रोम असतो. कोणी फायरफॉक्स वापरतो. नावे वेगळी, काम एकच.

ब्राउझर कधी कधी बिघडतो. भलत्याच जाहिराती येतात. आपण एक पान मागावे तर दुसरेच उघडते. 'तुमच्या फोनमध्ये विषाणू शिरला आहे' अशा खोट्या सूचना दर घटकेला वाजतात. मग कोणी जाणता माणूस सांगतो, "सेटिंग्ज रीसेट करा." रीसेट करणे म्हणजे ब्राउझर मूळपदावर आणणे. नवा कोरा असताना तो जसा होता, तसा पुन्हा करणे.

उपाय चांगला आहे. पण त्यानंतर लोक घाबरतात. "अहो, सगळं गेलं की! कालपर्यंत चालत होतं ते आज चालत नाही!"

दिवाळीआधी आपण घरातले सामान अंगणात काढतो आणि घर सारवून घेतो. घर स्वच्छ होते. पण संध्याकाळी काडेपेटी हवी असली तर नेहमीच्या कोनाड्यात सापडत नाही. काडेपेटी काही हरवलेली नसते. ती जागेवर ठेवायची राहिलेली असते. ब्राउझरचेही तसेच आहे.

काय जाते, काय राहते?

संगणकावर क्रोम रीसेट केला तर ह्या गोष्टी मूळपदावर येतात :

१. उघडल्याबरोबर दिसणारे पहिले पान.
२. शोध घेण्याचे ठरलेले साधन.
३. निरनिराळ्या संकेतस्थळांना आपण दिलेल्या परवानग्या.
४. कुकी, म्हणजे ओळखीच्या चिठ्ठ्या.
५. ब्राउझरला वरून जोडलेली साधने. त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. ती बंद होतात.

आणि ह्या गोष्टी राहतात : जपून ठेवलेल्या खुणा म्हणजे बुकमार्क, जपून ठेवलेले पासवर्ड, आणि पाहिलेल्या पानांची यादी. उतरवून घेतलेले कागदही जात नाहीत. ते 'डाउनलोड्स' ह्या कप्प्यात असतात. तेव्हा एकदा १५ रुपये भरून घेतलेला उतारा दुसऱ्यांदा विकत घेण्याआधी तो कप्पा उघडून बघा.

फायरफॉक्सची रीत थोडी निराळी आहे. तेथे ह्या कामाला 'रिफ्रेश' म्हणतात. तो जोडसाधने काढून टाकतो, पण खुणा आणि पासवर्ड ठेवतो. जुन्या माहितीचे एक गाठोडे बांधून तो संगणकाच्या पडद्यावर ठेवून देतो. ते लगेच टाकून देऊ नका.

फोनवर मात्र जपून. फोनच्या सेटिंग्जमध्ये क्रोमच्या नावापुढे सगळा डेटा पुसण्याचे बटण असते. ते रीसेटपेक्षा कडक आहे. त्याने खुणादेखील पुसल्या जातात. आपण गूगल खात्यात शिरलेले असू आणि तेथे त्या जमा होत असतील, तरच त्या पुन्हा येतात. म्हणून ते बटण दाबण्याआधी लागणाऱ्या संकेतस्थळांची नावे वहीत लिहून ठेवावी. आपल्याला आता लिहिता येते. त्याचा असा उपयोग करावा.

एकेक करून तपासू

समजा, एक काका सोसायटीचे पीककर्ज काढायला निघाले आहेत. उतारा आजच हवा. काल पुतण्याने ब्राउझर मूळपदावर आणला आणि आज उतारा निघत नाही. काका चिडले आहेत.

"अरे, तू काल काय करून ठेवलंस? सोसायटीत उद्या कागद द्यायचेत!"

"काका, थांबा जरा. एकेक करून बघू. सगळी बटणं एकदम दाबली तर कशानं चाललं नि कशानं अडलं ते कळायचं नाही."

पुतण्या बरोबर बोलला. आपणही त्याच्याबरोबर एकेक पाहू.

पहिले : दोष कोणाचा? दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून बघा. तेही उघडत नसेल तर ब्राउझरला बोल लावू नये. रेंज नसेल, किंवा रिचार्ज संपला असेल. दुसरे उघडते आणि हवे तेच उघडत नसेल, तर दुसऱ्याच्या फोनवर ते उघडून बघा. तेथेही उघडले नाही तर संकेतस्थळच बंद किंवा गर्दीने अडलेले आहे. मग तासाभराने पाहावे. नळाला पाणी आले नाही म्हणून आपण लगेच तोटी बदलत नाही. आधी शेजारी विचारतो.

दुसरे : तारीख बघा. फोनची तारीख चुकली असेल तर ब्राउझर 'ही जागा सुरक्षित नाही' असा इशारा देतो. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाला एक दाखला असतो. त्या दाखल्याला मुदत असते. फोनमधली तारीख चुकीची असेल तर चांगला दाखलाही मुदतीबाहेरचा वाटतो. तारीख व वेळ आपोआप लागेल असे ठेवावे. तारीख बरोबर असूनही इशारा आला तर पुढे जाऊ नये.

तिसरे : पत्ता बघा. पहिले पान बदलले म्हणून लोक नाव टाकून शोधतात आणि वर येईल त्यावर बोट ठेवतात. वर पुष्कळदा जाहिरात असते. सरकारी संकेतस्थळाच्या नावाच्या शेवटी 'जीओव्ही डॉट आयएन' अशी अक्षरे असतात. ती नावाच्या मध्ये असून चालत नाही, शेवटी हवीत. मग तिरकी रेघ येते. त्या रेघेच्या आधीचे शेवटचे शब्द वाचायचे. खात्री झाली की त्या पानाची खूण करून ठेवावी.

चौथे : पुन्हा आत शिरा. बँकेत पूर्वी पितळी बिल्ला देत. बिल्ला दाखवला की कारकून ओळखायचा. कुकी हा तसाच बिल्ला आहे. तो गेला म्हणून संकेतस्थळ आपल्याला ओळखत नाही. आपले खाते मात्र शाबूत आहे. पुन्हा नाव आणि पासवर्ड द्यावा. डिजिटल सातबाऱ्याच्या जागी मोबाईल क्रमांक देऊन ओटीपीनेही आत जाता येते. तो क्रमांक असलेला फोन जवळ ठेवावा.

ब्राउझर 'पासवर्ड जपून ठेवू का?' असे विचारील. स्वतःच्या फोनवर हो म्हणायला हरकत नाही. सेवा केंद्राच्या संगणकावर नाही म्हणावे. काम झाले की बाहेर पडण्याचे बटण दाबून मगच खुर्ची सोडावी.

पाचवे : गाव नीट निवडा. आधीची निवड विसरली गेली असेल तर सगळे नव्याने भरावे लागते. विभाग पुणे, जिल्हा पुणे, तालुका भोर, मग गाव. येथे डोळ्यांत तेल घालून वाचा. यादीत 'वरवे बु.' असते आणि 'वरवे खु.'ही असते. बुद्रुक म्हणजे मोठे, खुर्द म्हणजे धाकटे. हे दोन्ही शब्द फारसीतून आले. एका अक्षराच्या फरकाने दुसऱ्या गावचा गट निघेल, आणि आपण म्हणू की आपले नावच उडाले!

सहावे : अडवलेली खिडकी सोडा. काही संकेतस्थळे कागद निराळ्या खिडकीत उघडतात. तिला पॉप-अप म्हणतात. मूळपदावर आलेला ब्राउझर अशा खिडक्या अडवतो. बटण दाबले आणि काहीच घडले नाही, तर बहुधा हेच कारण. पत्त्याच्या पट्टीजवळ किंवा खालच्या बाजूला तशी सूचना येते. ती वाचावी आणि त्या एका सरकारी जागेपुरतीच परवानगी द्यावी. सगळ्यांना दिली तर जाहिरातींची जत्रा परत भरेल.

काकांचा उतारा येथेच अडला होता. परवानगी दिली आणि कागद उघडला.

"म्हणजे काल तू काही मोडलं नव्हतंस तर."

"नाही काका. दाराला कडी होती. ती काढायची राहिली होती."

सातवे : परवानग्या विचार करून द्या. आता प्रत्येक संकेतस्थळ नव्याने विचारील. ठिकाण बघू का? कॅमेरा वापरू का? सूचना पाठवू का? काम काय, ते आधी बघा. आपल्या शिवारातले हवामान पाहायचे तर ठिकाण लागते. उतारा पाहायला कॅमेरा कशाला? सूचना पाठवण्याची परवानगी अनोळखी जागेला कधीच देऊ नये. विषाणूच्या खोट्या सूचना पुष्कळदा ह्याच वाटेने येतात.

आठवे : जोडसाधने एकेक सुरू करा. संगणकावर ती बंद झालेली असतील. माहितीतली असेल ती सुरू करा आणि थोडा वेळ काम करून बघा. मग दुसरी. जी सुरू केल्यावर त्रास परत आला, तीच खोडकर. ती काढून टाका. फोनवर त्रास परत आला तर अलीकडे कोणते ॲप घेतले ते आठवा. नको असलेले ॲप काढून टाका.

सर्वांत मोठा धोका

ब्राउझर चालत नाही म्हणून माणूस गोंधळतो. मदतीचा क्रमांक शोधतो. लबाड लोक ह्याच घडीची वाट पाहत असतात. खोटा क्रमांक इंटरनेटवर टाकून ते बसलेले असतात. फोन लावला की गोड बोलतात. "एक ॲप घ्या, आम्ही तुमचा पडदा बघून दुरुस्त करतो." पडदा दिसला की ओटीपी दिसतो. ओटीपी दिसला की खात्यातले पैसे जातात.

ब्राउझर दुरुस्त करायला ओटीपी कोणाला सांगावा लागत नाही. पडदा कोणाला दाखवावा लागत नाही. अडले तर गावातल्या जाणत्या माणसाला समोर बसवून विचारावे, नाहीतर आपले सरकार सेवा केंद्रात जावे. आणि तरीही पैसे गेलेच, तर लाजत बसू नये. ताबडतोब १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा. आपल्या बँकेलाही कळवावे. जितकी घाई, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

हे ध्यानात ठेवा

रीसेट म्हणजे नाश नव्हे.
आधी वहीत लिहा, मग बटण दाबा.
एका वेळी एकच गोष्ट बदला.
नावाचा शेवट वाचा.
परवानगी कामापुरतीच द्या.
ओटीपी कोणालाही सांगू नका.

आपण अक्षर शिकलो ते अंगठा उठवायचा नाही म्हणून. पडद्यावर न वाचता बोट ठेवणे म्हणजे अंगठाच उठवणे. तेथेही आधी वाचावे, समजून घ्यावे, मगच बोट ठेवावे.

प्रश्न

१. ७/१२ मधील सातमध्ये काय असते? बारामध्ये काय असते?
२. कुकीला पितळी बिल्ल्याची उपमा का दिली आहे?
३. काकांचा उतारा कशामुळे अडला होता?
४. सरकारी संकेतस्थळ कसे ओळखावे?
५. आपल्याला नेहमी लागणाऱ्या संकेतस्थळांची नावे वहीत लिहा. पासवर्ड मात्र सगळ्यांच्या हाती पडणाऱ्या वहीत लिहू नका.