ई-बाईक दुरुस्ती: पाना उचलण्याआधी काय बघायचं आणि कोणतं काम परत पाठवायचं



आपल्या जळकोट भागात आता गावोगाव बॅटरीच्या गाड्या दिसतात. गाड्या वाढल्या की दुरुस्ती वाढणारच. म्हणून प्रशिक्षणाला येणारी बरीच मुलं विचारतात, "सर, ई-बाईक रिपेअरिंगचं दुकान टाकू का?" टाका की. पण आधी आजचा धडा नीट वाचा. व्हिडिओत हात कुठं ठेवायचा ते दिसतं, पण कधी ठेवायचा नाही ते वाचूनच समजतं.

एक अनुभव सांगतो. जवळच्या एका खेड्यातले एक मामा गाडी टेम्पोत टाकून दुकानात आले. "गाडी धुतली अन् तवापासून उचलंना झाली बघा." आधी एका ठिकाणी दाखवली होती. तिथं कंट्रोलर बदलला, २,८०० रुपये घेतले आणि गाडी तशीच. मी चावी लावली तर ब्रेक न दाबता मागचा लाल दिवा चालू! ब्रेकच्या लिव्हरमधलं स्विच पाण्याने अडकलं होतं. ब्रेक दाबलेला आहे असं कंट्रोलरला वाटतं तोवर तो मोटारला करंट देत नाही. स्विच साफ केलं, वाळवलं, गाडी पळाली. वेळ लागला दहा मिनिटं.

आधीच्या मिस्त्रीला काम येत नव्हतं असं नाही. त्याने क्रम पाळला नाही. या धंद्यात क्रम हेच खरं भांडवल आहे. तो गिऱ्हाईकाचे पैसे वाचवतो आणि तुमचा जीवही.

पहिली पायरी: हात लावण्याआधी

गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक जमिनीपासून सुटलं पाहिजे. बहुतेक गाड्यांत मोटार चाकातच असते. तपासताना ती अचानक फिरली तर बोटं, उपरणं, साडीचा पदर काहीही ओढलं जाऊ शकतं. गिऱ्हाईकाला आणि लेकरांना लांब बसवा.

चार्जर काढा. चावी बंद. एमसीबी खाली. मग पाच मिनिटं थांबा, कारण कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. माझ्या पहिल्याच वर्षी उघडा पाना बॅटरीच्या दोन टर्मिनलवर आडवा पडला होता. ठिणगी उडाली, पाना जागेवर चिकटला आणि हाताला फोड आले. १२ व्होल्टला शॉक बसत नाही हे खरं, पण शॉर्ट झाल्यावर लोखंड लाल व्हायला तेवढी बॅटरी पुरते. आणि ६० किंवा ७२ व्होल्टच्या पॅकला तर हलक्यात घेऊच नका.

दुसरी पायरी: तीन प्रश्न

कधीपासून बंद आहे? पाण्यात गेली होती की धुतली होती? याआधी कुणी उघडली होती का?

तिसरा प्रश्न फार कामाचा आहे. "पंक्चर काढल्यावर बंद पडली" असं उत्तर आलं, तर आधी चाकाच्या आसाजवळची मोटारची केबल बघा. चाक काढताना-बसवताना ती पिळते किंवा दबते.

तिसरी पायरी: डोळे आणि नाक

एमसीबी पडलाय का? साईड स्टँड खाली आहे का? गाडी पार्किंग मोडमध्ये आहे का? ब्रेकचा दिवा आपोआप लागतोय का? कुठला कनेक्टर वितळलाय का? जळल्याचा वास येतोय का? एवढं बघायला एक रुपयाचा पार्ट लागत नाही, आणि बऱ्याच गाड्या इथंच सुरू होतात.

चौथी पायरी: मीटर

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि लाल वायर मीटरच्या कोणत्या भोकात आहे ते दरवेळी बघा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही बॅटरीला टोकं लावली, तर थेट शॉर्ट होतो.

*बॅटरी:* ६० व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड गाडीत १२ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या असतात. पूर्ण चार्ज करून थोडा वेळ ठेवल्यावर एकूण साधारण ६३ ते ६५ व्होल्ट दिसायला हवेत. पण एकूण आकड्यावर विसंबू नका, प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. एक कमजोर असली तरी ती सगळ्यांना खाली ओढते. चाक उचललेलं असताना लोड येत नाही, म्हणून लोड टेस्टर लावा. लोडवर एखादी १०.५ च्या खाली गेली, तर दोष तिच्यात. लिथियमला हे आकडे चालत नाहीत. तिथं पॅकवरचं लेबल वाचा.

*थ्रॉटल:* तीन वायर असतात. एकीवर साधारण ५ व्होल्ट, एक ग्राउंड आणि एक सिग्नल. मूठ सोडलेली असताना सिग्नल एक व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण पिळल्यावर साडेतीन-चारच्या आसपास पाहिजे. मधेच तुटत असेल तर थ्रॉटल बदला.

*मोटार की कंट्रोलर:* एमसीबी बंद ठेवून चाक हाताने फिरवा. अडखळत, जड फिरत असेल तर आधी ब्रेक चिकटला नाही ना ते बघा. ब्रेक मोकळा असेल तर मोटारच्या तीन जाड वायर सोडवा आणि एकमेकींना लागू देऊ नका. आता चाक मोकळं झालं तर दोष कंट्रोलरमध्ये. तरीही जडच असेल तर दोष मोटारमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये. चाक मोकळं आहे पण गाडी नुसती थरथरते, असं असेल तर हॉल सेन्सर तपासा. कनेक्टर लावलेलाच ठेवून मागून मोजा आणि चाक हळू फिरवा. पिवळी, हिरवी, निळी, प्रत्येक वायरवर व्होल्टेज शून्याजवळून पाचजवळ असं खालीवर झालं पाहिजे. एक वायर जागेवरून हलत नसेल, तर तिथं थांबा. दोष सापडला.

*चार्जर:* बाहेरून व्होल्टेज मोजा, वायर बघा, पंखा फिरतो का ते बघा. उघडू मात्र नका. घरातले २३० व्होल्ट आत गेल्यावर डीसी होऊन सव्वातीनशेच्या आसपास जातात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथंच राहतात. ते काम इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं आहे.

परत पाठवायची कामं

आता धंद्याचा खरा प्रश्न. एकदा एक गिऱ्हाईक लिथियमचा पॅक घेऊन आलं. डबा एका बाजूने फुगलेला. म्हणाले, "दादा, बीएमएस काढून डायरेक्ट करा, १,५०० देतो. दुसरीकडं करून देतात." त्या दिवशी गल्ल्यात तेवढे पैसे नव्हते. तरीही मी नाही म्हणालो. ते रागावून गेले आणि परत आले नाहीत.

बीएमएस म्हणजे बॅटरीचा पहारेकरी. सेल जास्त चार्ज झाला, फार उतरला किंवा तापला तर तो लाईन तोडतो. पहारेकरी काढला की गाडी चालेल, पण रात्री घरात चार्जिंगला लावल्यावर तोडणारं कुणी राहत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. त्या वर्षी देशात ई-स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्यावर सरकारने बॅटरी सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. कारखान्याने एवढं करून बसवलेलं आपण एका वायरने काढायचं का?

म्हणून माझ्या दुकानात ही कामं होत नाहीत:

१. लिथियम पॅक फोडणे, सेल बदलणे, बीएमएस डायरेक्ट करणे.
२. फ्यूजच्या जागी तार, किंवा एमसीबी काढून जोडणी.
३. फुगलेली, पाण्यात बुडालेली, गोडसर वास येणारी किंवा उभ्या उभ्या तापणारी बॅटरी चार्ज करणे. ती आत घेऊ नका. मोकळ्या जागेत, भिंत आणि कडब्यापासून लांब ठेवा आणि विक्रेत्याकडे पाठवा. धूर निघत असेल तर हातही लावू नका. माणसं बाहेर काढा आणि ११२ ला फोन करा.
४. स्पीड वाढवून देणे. २५० वॉटपेक्षा कमी ताकद आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग म्हणून ज्या गाडीला नोंदणी लागत नाही, तिचा वेग वाढवला की ती सवलत जाते. उद्या अपघात झाला तर तुमचं नाव पुढे येतं.

मग कमाई कशात?

तपासणीचे पैसे घ्यायला लाजू नका. मी १५० घेतो आणि काम केलं तर बिलातून वजा करतो. जॉब कार्डवर आलेली तक्रार, मोजलेले व्होल्ट आणि बदललेला पार्ट लिहा. जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्या. एखादं काम नाकारलं तर तेही कारणासह कार्डावर लिहा. चार महिन्यांत तुमच्याकडे आपल्या भागातल्या गाड्यांचा असा हिशोब जमेल की कोणता पार्ट किती भरायचा ते कुणाला विचारावं लागणार नाही.

आजचा अभ्यास: एक वही घ्या. वरच्या चार पायऱ्या आणि परत पाठवायची चार कामं स्वतःच्या अक्षरात लिहा. मग ओळखीच्या एका चालू गाडीवर, काहीही न उघडता, तिसऱ्या पायरीपर्यंत सराव करा. मीटर नंतर, जाणकार मिस्त्रीजवळ उभं राहून.

दुकानाचं नाव व्हायला वेळ लागतो. पण "तो चुकीचं काम करत नाही" हे नाव एकदा झालं की गिऱ्हाईक उदगीरहून गाडी घेऊन येतं.

भेटू पुढच्या धड्यात. काळजी घ्या, अंगठी काढून काम करा.