अंतराळवीरांचा व्यायाम आणि शाळेचे मैदान

३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा 'सोयुझ टी-११' यानातून अंतराळात गेले. 'साल्युत-७' स्थानकावरील वास्तव्यात त्यांनी योगासनांचा प्रयोग केला. भारहीन अवस्थेत शरीर सक्षम राखण्यास योगाभ्यास कितपत उपयोगी पडतो, हे पाहणे हा त्यामागील हेतू होता. जून २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. मधल्या एक्केचाळीस वर्षांत यंत्रे बदलली. परंतु अंतराळातील दीर्घ मुक्काम व्यायामावाचून निभत नाही, हा नियम बदलला नाही.

भार नाही, तर बळ नाही

पृथ्वीवर नुसते उभे राहिले तरी पायांची हाडे शरीराचा भार पेलत असतात. अंतराळात हा भार जाणवेनासा होतो. योग्य दक्षता न घेतल्यास कंबर व मांडीच्या हाडांतील खनिजे दरमहा सुमारे १ ते १.५ टक्क्यांनी घटतात. म्हणून तेथे अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात.

याच नियमाची दुसरी बाजू शिक्षकांनी ध्यानी घ्यावयास हवी. हाडांची भरणी मुख्यतः बालपणी व किशोरवयात होते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षे वयोगटासाठी रोज सरासरी ६० मिनिटांची शारीरिक हालचाल सुचविली असून, आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारे व्यायाम असावेत, असे म्हटले आहे. ज्या वयात मुलींचे मैदानावर येणे कमी होते, नेमके तेच वय हाडांच्या भरणीचे असते.

वर्गासाठी पाठ

अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने २०११ मध्ये मुलांसाठी अंतराळवीरांच्या धर्तीवर व्यायामाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू केला. त्यातील दोरीउड्या, जोर, बैठका आपल्या तालमींना नवीन नाहीत. हदगाव तालुक्यातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेलाही हा पाठ विनाखर्च घेता येईल :

१. दोरीउड्या – हाडांना भार मिळतो. प्रारंभी अर्धा मिनिट पुरे.
२. जोर व बैठका – प्रत्येकी पाच. घाई नको, ठेवण नीट हवी.
३. अस्वलाची व खेकड्याची चाल – हातापायांवर पुढे व मागे चालणे. यानाबाहेर काम करताना अंतराळवीराची मुख्य मदार हातांवर असते.
४. लंगडी – तोल साधतो. अंतराळातून परतल्यावर तोल पुन्हा कमवावा लागतो.

व्यायामापूर्वी व नंतर मुलांनी १५ सेकंद नाडी मोजून त्या संख्येला चाराने गुणावे. शरीरशास्त्र व गणित एकाच वेळी शिकून होते. मराठवाड्यातील उन्हाळा लक्षात घेता हा पाठ सकाळी लवकर घ्यावा, पिण्याचे पाणी जवळ असावे आणि आजारी मुलास सक्ती करू नये.

ग्रामपंचायतीचा वाटा

'शेतकऱ्याच्या मुलास वेगळ्या व्यायामाची काय गरज?' असा प्रश्न ग्रामसभेत येऊ शकतो. कापूस वेचणे वा घागर वाहणे हे श्रम होत; त्यात ठरावीक अंगांवरच ताण पडतो आणि ते मुलांच्या वाढीसाठी आखलेले नसतात. उडी, धाव आणि तोल यांचा सराव खेळातूनच होतो.

त्यासाठी जागा हवी. नागपूर-तुळजापूर महामार्ग या तालुक्यातून जातो. रस्त्यालगतच्या गावांत मुलांना सुरक्षित मोकळी जागा मिळणे अधिकच अगत्याचे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगण नमूद आहे. तेथे अतिक्रमण होऊ नये, काटेकुटे व काचा वेचल्या जाव्यात आणि शाळा सुटल्यावरही मैदान मुलामुलींना खुले राहावे, एवढे ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समितीने पाहिले तरी मोठे काम होईल. अंतराळवीराला भार मिळविण्यासाठी यंत्र लागते. गावातील मुलाला तो पृथ्वी फुकट देते. त्याला हवे आहे ते केवळ मैदान.