तीन सेकंदांचा खेळ

या वेळच्या भित्तिपत्रकात मी तुम्हांला एका वेगळ्या खेळाची माहिती सांगणार आहे. तो खेळ म्हणजे पिस्तुलाची नेमबाजी.

सिनेमात आपण बघतो, नायक कमरेचे पिस्तूल झटकन काढतो आणि धडाधड गोळ्या सुटतात. असे खरोखर होते का? अमेरिकेत याचाच एक खेळ आहे. तिथले घोड्यावर बसून गुरे राखणारे गुराखी, म्हणजे काउबॉय. त्यांच्यासारखा पोशाख करून आजची माणसे हा खेळ खेळतात. समोर २१ फुटांवर लोखंडी गोल तबकडी असते. तिच्या मधला दिवा लागला की कमरेचे पिस्तूल काढायचे आणि तबकडीला गोळी मारायची. गोळी मेणाची असते. नेम फक्त तबकडीवर, माणसावर कधीच नाही. दिवा लागल्यापासून गोळी लागेपर्यंतचा वेळ यंत्र मोजते. चांगल्या खेळाडूला अर्धा सेकंदसुद्धा पुरतो. म्हणजे आपण 'एक' म्हणेपर्यंत काम झाले!

ऑलिंपिकमध्ये याच्या जवळचा एक खेळ आहे. त्याचे नाव २५ मीटर पिस्तूल. आणि बरे का, त्यात आपल्या महाराष्ट्राच्या एका मुलीने मोठे नाव कमावले आहे.

खेळ कसा असतो?

हा महिलांचा खेळ आहे. खेळाडू उभी राहते आणि एकाच हाताने पिस्तूल धरते. दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा नाही. पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालते. गोळी झाडायचा चाप निदान एक किलो वजन पेलेल इतका घट्ट असावा लागतो. निशाण २५ मीटरवर असते. म्हणजे आपल्या तीन वर्गखोल्या एकापुढे एक ठेवल्या तर होईल तेवढे लांब.

एकूण ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० सावकाश मारायच्या. पाच गोळ्यांना पाच मिनिटे मिळतात. खरी गंमत पुढच्या ३० गोळ्यांत आहे. पंच 'अटेन्शन' म्हणतात आणि लाल दिवा लागतो. पिस्तुलाचा हात खाली, तिरका ठेवायचा. सात सेकंद तसेच थांबायचे. मग हिरवा दिवा लागतो आणि तो फक्त तीन सेकंद राहतो. तेवढ्यात हात वर आणायचा, नेम धरायचा आणि एकच गोळी मारायची. पुन्हा लाल दिवा, हात खाली, पुन्हा सात सेकंद. निशाणाचे दहा गुणांचे वर्तुळ १० सेंटिमीटर रुंद असते, वाटीच्या तोंडाएवढे.

आता गणित करा. ३० गोळ्या, प्रत्येकीला ३ सेकंद. झाले ९० सेकंद. वर्षानुवर्षे केलेल्या मेहनतीची परीक्षा दीड मिनिटात!

कोल्हापूरच्या राहीताई

या खेळातल्या आपल्या खेळाडू म्हणजे राही सरनोबत. त्यांचा जन्म १९९० साली कोल्हापुरात झाला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्या खेळल्या. २०१३ साली कोरियातील चांगवॉन येथे त्यांनी विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतही त्यांना सुवर्णपदक मिळाले.

पण पुढे संकट आले. त्यांच्या कोपराला दुखापत झाली. ज्या हाताने पिस्तूल उचलायचे तोच हात दुखू लागला तर काय करणार? त्यांना बराच काळ खेळापासून दूर राहावे लागले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या नव्हत्या. लोकांना वाटले असेल, संपला आता यांचा खेळ. राहीताईंनी मात्र पुन्हा सुरुवात केली. मुंखबायर दोर्जसुरेन या प्रशिक्षक त्यांना शिकवू लागल्या. या बाईंनी स्वतः याच खेळात दोन ऑलिंपिक पदके मिळवली होती, १९९२ साली मंगोलियासाठी आणि २००८ साली जर्मनीसाठी.

मग आला २२ ऑगस्ट २०१८ हा दिवस. इंडोनेशियातील पालेंबांग येथे आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी होती. अंतिम फेरीत सगळ्या गोळ्या तीन सेकंदांच्याच असतात. मधल्या ठरावीक वर्तुळात लागली तर एक गुण, नाही तर शून्य. ५० गोळ्या झाल्या, तेव्हा राहीताई आणि थायलंडची खेळाडू दोघींचे ३४-३४ गुण झाले. बरोबरी! पुन्हा पाच गोळ्या दिल्या. दोघींच्या चार-चार लागल्या. पुन्हा बरोबरी! आणखी पाच दिल्या. या वेळी राहीताईंच्या तीन लागल्या आणि समोरचीच्या दोन. एका गोळीने सुवर्णपदक भारताला मिळाले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

२०२१ साली त्या टोकियो ऑलिंपिकला गेल्या. तिथे त्यांना अंतिम फेरी गाठता आली नाही. खेळाडूच्या आयुष्यात हार-जीत दोन्ही येतात, आणि हरल्यावरही दुसऱ्या दिवशी सरावाला जावेच लागते.

वेग कुठून येतो?

तुम्ही म्हणाल, हात चपळ असला म्हणजे झाले. तसे नाही. पिस्तुलाला मागे एक खाच आणि पुढच्या टोकाला एक खूण असते. दोन्ही एका रेषेत आणून नेम धरतात. त्यांच्यात जास्तीत जास्त २२ सेंटिमीटर, म्हणजे २२० मिलिमीटर अंतर असते. घाईने चाप ओढला आणि पुढचे टोक एकच मिलिमीटर हलले, तर गोळी किती बाजूला जाईल? सातवीच्या मुलांनी त्रैराशिक मांडावे. २२० मिलिमीटरला १, तर २५,००० मिलिमीटरला किती? उत्तर सुमारे ११४ मिलिमीटर, म्हणजे ११ सेंटिमीटरच्या वर. दहा गुणांची गोळी आठावर गेली!

म्हणून खेळाडू चाप झटका देऊन ओढत नाही. हात वर येत असतानाच बोट हळूहळू दाब देऊ लागते. हात थांबतो आणि गोळी सुटते. यासाठी खेळाडू रिकाम्या पिस्तुलानेही हात वर-खाली करण्याचा सराव रोज करतात. आमचे आजोबा जोंधळ्यात माळ्यावर उभे राहून गोफण मारायचे. ते म्हणतात, "दगड सुटतो एका क्षणात, पण पाय आधी घट्ट रोवावे लागतात. पाय हलला की दगड भलतीकडंच जातो." मला वाटते, दोन्हींतली गोष्ट एकच आहे. आधी स्थिर व्हायचे, मग वेग आपोआप येतो.

पालकांसाठी दोन शब्द

काही पालक म्हणतील, पोरांच्या हातात बंदूक कशाला? भांडणं वाढायची. पण या खेळाचा पहिला धडा शिस्तीचा असतो. नळीचे तोंड नेहमी निशाणाकडेच ठेवायचे. पंचांनी सांगितल्याशिवाय गोळी भरायची नाही. 'स्टॉप' म्हटले की त्याच क्षणी थांबायचे. पिस्तूल रिकामे आहे हे सगळ्यांना दिसावे म्हणून नळीत रंगीत दोरी घालून ठेवतात. राग आलेल्या माणसाचा हात थरथरतो, आणि थरथरत्या हाताला इथे गुण मिळत नाहीत.

दुसरी शंका अशी, की हे शहरातल्या लोकांचे खेळ, आपल्याला कसे जमणार? त्याचे उत्तर स्वप्निल कुसाळे यांनी दिले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी हे त्यांचे गाव. वडील शिक्षक. २००९ साली ते शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाले आणि तिथे त्यांनी नेमबाजी निवडली. पुढे रेल्वेत नोकरी करत सराव चालू ठेवला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर रायफलच्या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. १९५२ साली खाशाबा जाधव यांनी कुस्तीत पदक मिळवले होते. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले, आणि तेही एका खेड्यातल्या मुलाने आणले.

ज्यांना या खेळाची आवड असेल त्यांनी जालन्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. पुढे एन.सी.सी.तही नेमबाजी शिकवतात. सुरुवात बहुधा हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलीने किंवा पिस्तुलाने, १० मीटरवरून होते.

करून पाहा

एक लिटरची पारदर्शक बाटली घ्या. तीत अर्धे पाणी भरा. भिंतीवर खडूने वाटीएवढे वर्तुळ काढा. एका हातात बाटली धरून हात खाली तिरका ठेवा. मित्राने सात आकडे मोजून 'हिरवा' म्हणावे. मग हात खांद्याएवढा वर आणून बाटली वर्तुळासमोर धरा आणि मित्राने तीन म्हणेपर्यंत थांबा. पाणी हलते का ते बघा. असे दहा वेळा करा. आम्ही वर्गात करून पाहिले. ज्याने झटका मारला त्याचे पाणी डचमळले. ज्याने हात सावकाश सुरू करून अलगद थांबवला त्याचे पाणी लवकर शांत झाले. दहाव्या वेळी मात्र सगळ्यांचेच हात भरून आले!

काठी असो की खेळण्यातले पिस्तूल, माणसावर किंवा जनावरावर कधी रोखू नका.

सांगा पाहू

१. लाल दिवा किती सेकंद असतो आणि हिरवा किती?
२. पालेंबांगच्या अंतिम फेरीत बरोबरी किती वेळा झाली?
३. पिस्तुलाचे टोक दोन मिलिमीटर हलले तर गोळी किती बाजूला जाईल?

उत्तरे वहीत लिहून गुरुजींना दाखवा.