माऊस न धरता सुडोकू

इंग्लंडात सुडोकू घरोघर पोहोचला तो वर्तमानपत्रातून. हाँगकाँगचे निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांनी तो लंडनच्या 'टाइम्स'कडे नेला आणि १२ नोव्हेंबर २००४ पासून तो तेथे छापून येऊ लागला. आपल्यातही पेन्सिल घेऊन बसणारी मंडळी पुष्कळ. पुढे नजर मंदावते, छापील घरे बारीक वाटू लागतात, मग मुले संगणक समोर आणून ठेवतात. तेथे माऊस आडवा येतो. हात जरा कापला की टिचकी शेजारच्या घरात पडते. दोन-चार वेळा असे झाले की वडील माणूस "आता आमच्याच्याने होत नाही" म्हणून उठतो. आम्हाला हे पटत नाही. डोके शाबूत आहे. अडते ते नेम धरण्यापाशी, आणि कळफलकावर नेम धरावाच लागत नाही. टाइपरायटरवर ज्यांची बोटे बसली आहेत त्यांना तर हे नातवंडांपेक्षा लवकर जमेल.

इंग्लंडमधील संगणकतज्ज्ञ सायमन टॅथम यांचा 'पोर्टेबल पझल कलेक्शन' हा सुमारे ४० कोड्यांचा संग्रह फुकट मिळतो. त्यात सुडोकूचे नाव 'सोलो' आहे. खिडकी मोठी केली की घरेही मोठी होतात. आरंभी 'टाइप' यादीतून २×२ निवडावे. १६ घरे, आकडे १ ते ४. (आल्ट कळ दाबून बाणांनी यादीत जाता येते.)

चार बाणांच्या कळांनी उजळलेले घर सरकते. समजा, एका ओळीत १, ३ आणि ४ आहेत. उरलेल्या घरावर जाऊन २ दाबावा. झाले. चुकल्यास स्पेस दाबून आकडा पुसावा, किंवा 'यू' दाबावा, म्हणजे खेळ एक पाऊल मागे येतो. कितीही पावले मागे जाता येते. 'आर'ने पुन्हा पुढे. एकच आकडा एका ओळीत दोनदा आला तर तो लाल होतो.

आता जेथे नवखा हमखास फसतो ती गोष्ट. एंटर दाबल्यावर पेन्सिलची खूण सुरू होते. मग घराचा फक्त कोपरा उजळतो आणि दाबलेला आकडा बारीक उमटतो. तो उत्तर नव्हे, केवळ शंका. पुष्कळांना वाटते आपण घर भरले, आणि शेवटी कोडे सुटत का नाही म्हणून बुचकळ्यात पडतात. कोपरा उजळलेला दिसला की पुन्हा एंटर दाबून मगच उत्तर लिहावे.

'एन'ने नवे कोडे येते आणि 'क्यू'ने खेळ बंद होतो, तेव्हा त्या दोन अक्षरांपासून बोट दूर ठेवावे.

त्याच संग्रहातील 'माइन्स' या खेळातही बाण तेच. एंटरने घर उघडते, स्पेसने निशाण लागते.

शुक्रवारी दिवे लावण्याची वेळ झाली आणि कोडे अर्धेच राहिले, तर 'गेम' यादीतील 'सेव्ह' निवडून संगणक बंद करावा. शब्बाथ उतरल्यावर 'लोड' केले की अर्धी चौकट जशीच्या तशी समोर येते.