दोन केंद्रे आणि एक रांग

नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनमधील विम्पोल स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागली आणि तीत पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. अग्निशामक दलाला वर्दी देण्यासाठी एका शेजाऱ्याने दूरध्वनी उचलला होता. परंतु वेलबेक एक्स्चेंजमध्ये त्याचा कॉल इतर कॉलांच्या रांगेत तिष्ठत राहिला. त्याने ‘टाइम्स’ला पत्र लिहून ही हकीकत लोकांपुढे मांडली. पुढे जून १९३७ मध्ये लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो फिरविताच एक्स्चेंजमध्ये तांबडा दिवा लागे, भोंगा वाजे आणि ऑपरेटर हातातले काम सोडून त्या कॉलकडे वळे. कोणत्या कॉलने आधी पुढे जावे याचा नियम ठरविणे, हाच या सुधारणेचा गाभा होता.

आज बँका, विमान कंपन्या, रुग्णालये यांच्या कॉल सेंटरमध्ये असे नियम संगणकातील एका आज्ञावलीत लिहिलेले असतात. तंत्रज्ञ तिला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. कॉल येताच ती क्रमाने प्रश्न विचारते : कोणता क्रमांक फिरविला गेला? वेळ कामकाजाची आहे काय? ग्राहकाने कोणते बटन दाबले? ते काम जाणणारा कर्मचारी मोकळा आहे काय? उत्तराप्रमाणे कॉल कर्मचाऱ्याकडे जातो, रांगेत थांबतो किंवा दुसऱ्या गावच्या केंद्राकडे पाठविला जातो. यांपैकी शेवटचा मार्ग सर्वांत लाभदायक आणि सर्वांत अवघडही आहे.

लाभ किती, हे डॅनिश गणितज्ञ ए. के. एरलांग यांनी कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत असताना १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रांवरून काढता येते. समजा, एका केंद्रात १० कर्मचारी आहेत, तासाला १८० कॉल येतात आणि प्रत्येक संभाषण सरासरी ३ मिनिटे चालते. अशा स्थितीत सरासरी प्रतीक्षा सुमारे २ मिनिटांची होते. आता अशीच दोन केंद्रे जोडून त्यांची एकच रांग केली, तर २० कर्मचारी आणि ३६० कॉल एवढाच हिशेब असूनही प्रतीक्षा सुमारे ५० सेकंदांवर येते. एकही माणूस वाढलेला नाही. फक्त एका केंद्रात रांग असताना दुसऱ्यात कर्मचारी रिकामा बसून राहण्याचा प्रसंग टळला.

मात्र हा हिशेब दोन्ही रांगा खरोखर एक झाल्या तरच लागू पडतो. पुष्कळ ठिकाणी एवढीच आज्ञा लिहिलेली आढळते की, आपली रांग भरली असता कॉल पलीकडे पाठवावा. पलीकडच्या केंद्रातही तीच आज्ञा असते! मग गर्दीच्या वेळी एकच कॉल दोन केंद्रांमध्ये चेंडूसारखा फिरतो आणि प्रत्येक फेरीला नव्या वाहिन्या अडवितो. म्हणून पाठविण्यापूर्वी विचारणे हा नियम पाळावा लागतो. पहिले केंद्र दुसऱ्याला संदेश धाडते, दुसरे होकार देते आणि त्यानंतरच पहिले आपला ताबा सोडते. तोपर्यंत ग्राहकाची मूळची जागा कायम राहिली पाहिजे. चार मिनिटे थांबलेल्या माणसाला नव्या रांगेच्या शेपटाशी उभे करणे हा अन्याय आहे, आणि त्याला मधुर संगीत ऐकविल्याने तो कमी होत नाही. यासाठी कॉलबरोबर त्याच्या प्रतीक्षेचा काळही पुढे कळवावा लागतो.

कॉलबरोबर माहिती कशी जाते, हा भाग मोठा मनोरंजक आहे. ग्राहकाने आपला खाते क्रमांक एकदा बटने दाबून सांगितलेला असतो. तो पुन्हा विचारण्याची पाळी पुढच्या कर्मचाऱ्यावर येऊ नये. पण आवाज दूरध्वनीच्या वाहिनीवरून जातो आणि माहिती संगणकांच्या वेगळ्या जोडणीवरून. दोहोंची गाठ घालण्यासाठी एक युक्ती योजिली जाते. दुसऱ्या केंद्राजवळ काही क्रमांक राखून ठेवलेले असतात. त्यांतील एक क्रमांक पहिल्या केंद्राला क्षणभर उसना मिळतो आणि दुसऱ्या केंद्राच्या दप्तरी नोंद होते की, या क्रमांकावर येणारा कॉल अमुक ग्राहकाचा आहे. पहिले केंद्र तो क्रमांक फिरविते. कॉल पोहोचताच नोंद जुळते, क्रमांक मोकळा होतो व दुसऱ्या कॉलच्या कामी येतो. रेल्वे स्थानकावर सामान ठेवून घेताना बिल्ला द्यावा, तसा हा प्रकार आहे.

या बिल्ल्यांची संख्या बेताची असली की घोटाळा संभवतो. कॉल वाटेत उशिरा पोहोचला आणि तेवढ्यात तोच क्रमांक दुसऱ्या कॉलला दिला गेला, तर एकाची माहिती दुसऱ्याच्या आवाजाला चिकटते. कर्मचाऱ्याच्या पडद्यावर भलत्याच माणसाचे खाते उघडते. बँकेत ही गोष्ट गंभीर, रुग्णालयात त्याहून गंभीर. म्हणून एकाच वेळी वाटेत असू शकणाऱ्या कॉलांपेक्षा राखीव क्रमांक अधिक ठेवावेत, आणि नोंद जुळली नाही तर तर्क न लढविता कर्मचाऱ्याने सरळ नाव विचारावे.

आज्ञावलीच्या प्रत्येक पायरीला नकाराचे उत्तरही लिहिलेले असावे लागते. जोडणी तुटली किंवा ठरलेल्या काही सेकंदांत होकार आला नाही, तर कॉल आपल्याच रांगेत, आपल्याच जागी राहिला पाहिजे. हे केवळ कागदावर तपासून भागत नाही. कमी वर्दळीच्या वेळी जोडणीची तार मुद्दाम काढावी, बाहेरून एक कॉल लावावा आणि तो कोठे जातो हे कानाने ऐकावे. तार पुन्हा जोडल्यावर अडकलेले राखीव क्रमांक मोकळे झाले की नाही, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.